हॅरी स्मिथचे पुस्तक : प्रतिस्पर्धी महासत्तेचे चित्र आणि वाचकाची कसोटी

१

साहित्य आणि प्रचार यांच्यातील सीमारेषा निश्चित करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकातील समीक्षेने वारंवार केला. यातील बहुतेक चर्चा लेखकाच्या बांधिलकीभोवती फिरत राहिली. लेखक कोणत्या पक्षाचा, त्याची निष्ठा कशावर, त्या निष्ठेमुळे कलाकृतीच्या स्वायत्ततेला बाध येतो काय, हे प्रश्न अग्रभागी राहिले. त्याच्या लेखनात प्रतिपक्षाचे चित्र कसे उमटते, ते कोणत्या सामग्रीतून घडते आणि त्यातून काय वगळले जाते, हा प्रश्न त्यामानाने मागे पडला. वास्तविक प्रचाराचे स्वरूप जितके स्पष्टपणे या चित्रात दिसते तितके ते आत्मगौरवात दिसत नाही. स्वतःविषयी बोलताना अतिशयोक्ती चटकन लक्षात येते. दूरच्या, अपरिचित आणि भयप्रद वाटणाऱ्या देशाविषयी बोलताना मात्र ती माहितीच्या रूपाने समोर येते आणि वाचकाजवळ ती पडताळून पाहण्याचे साधन नसते.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या शीतयुद्धाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विपुल सामग्री मागे ठेवली आहे. वृत्तपत्रे, चित्रपट, नाटके, प्रवासवर्णने आणि कादंबऱ्या या सर्व प्रकारांत दोन्ही देशांनी एकमेकांची चित्रे रेखाटली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि त्यानंतर अनेक दप्तरे खुली झाली. त्यामुळे त्या चित्रांची तुलना घडून गेलेल्या गोष्टींशी करणे आता बरेच शक्य झाले आहे. या विस्तीर्ण सामग्रीतील एक रशियन नाटक आणि एक अमेरिकन प्रवासवर्णन ही जोडी विशेष उद्‌बोधक आहे; कारण त्यातील दुसरे पुस्तक पहिल्या नाटकाला थेट उत्तर देते, आणि त्या उत्तरात वाचनाची एक पद्धतच सुचवली गेली आहे.

२

कॉन्स्टन्टिन सिमोनोव्ह हा युद्धकाळातील सोव्हिएत वार्ताहर, कवी आणि कादंबरीकार. १९४६ मध्ये इल्या एरेनबुर्ग याच्यासमवेत त्याने अमेरिकेचा दौरा केला आणि त्याच वर्षी 'रशियन प्रश्न' हे नाटक लिहिले. सोव्हिएत रंगभूमीवर ते सर्वत्र गाजले. मिखाईल रोम याने त्यावर चित्रपटही काढला. विशेष म्हणजे या नाटकाचा विषयच वृत्तपत्रीय पक्षपात हा आहे.

हॅरी स्मिथ हा न्यूयॉर्कमधील वार्ताहर. युद्धकाळात त्याने रशियाविषयी सहानुभूतीने लिहिलेले असते. युद्ध संपते आणि वृत्तपत्राचा मालक त्याला पुन्हा रशियाला पाठवतो. या वेळी रशियनांना युद्ध हवे आहे, हे सिद्ध करणारे पुस्तक त्याने लिहावे अशी मालकाची अपेक्षा असते. मिळालेल्या आगाऊ रकमेच्या बळावर स्मिथ घर घेतो, जेसी नावाच्या तरुणीशी विवाह करतो. पण रशिया पाहून आल्यावर त्याच्या हातून अपेक्षित पुस्तक लिहिले जात नाही. रशियनांना युद्ध नको आहे, असे तो लिहितो. परिणामी पुस्तक नाकारले जाते, नोकरी जाते, घर जाते आणि अखेर पत्नीही त्याला सोडून जाते.

नाट्यरचनेच्या दृष्टीने हे कथानक सुबक आहे. स्मिथच्या आयुष्यातील प्रत्येक सुखसोय त्या न लिहिलेल्या पुस्तकाशी बांधलेली आहे. त्यामुळे त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत प्रेक्षकाला एकेक वस्तू गमावताना मोजता येते. मालकाला खोटे बोलण्याची आज्ञाही द्यावी लागत नाही. घराचे हप्ते, संसाराची आस आणि भविष्याची काळजी हीच त्याची साधने आहेत. मालकी, जाहिरात आणि नोकरीची असुरक्षितता यांमुळे स्वतंत्र म्हणवणाऱ्या वृत्तपत्रातही लेखणीवर दडपण येते, हे सिमोनोव्हचे निरीक्षण निराधार नव्हते. खुद्द अमेरिकेतील टीकाकारांनीही ते आपापल्या परीने मांडले होते.

तथापि नाटक ज्या रंगभूमीवर उभे होते, तिच्याकडे पाहिले की चित्र पालटते. ज्या देशात वृत्तपत्रे पक्षाच्या आणि शासनाच्या नियंत्रणाखाली होती, नाट्यप्रयोग अधिकृत संमतीवाचून होत नव्हता, त्या देशातील प्रेक्षकाला परक्या देशातील वृत्तपत्रांचे दास्य दाखवले जात होते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये आंद्रेई झ्दानोव्ह याच्या पुढाकाराने आन्ना आख्मातोव्हा आणि मिखाईल झोशेन्को यांच्यावर जाहीर प्रहार झाला होता आणि दोघांनाही लेखकसंघातून काढण्यात आले होते. हॅरी स्मिथच्या दुर्दैवाने हळहळणाऱ्या प्रेक्षकाच्या अवतीभवतीच असे स्मिथ होते. परंतु त्यांच्यावर नाटक लिहिले जाणे शक्य नव्हते. नाटकातील प्रत्येक विधान खरे मानले, तरी त्या नाटकाचे स्थान त्याला प्रचाराच्या वर्गात नेऊन बसवते.

३

१९४७ च्या उन्हाळ्यात जॉन स्टाइनबेक आणि छायाचित्रकार रॉबर्ट कापा सोव्हिएत संघात गेले. मॉस्को, युक्रेन, स्टालिनग्राड आणि जॉर्जिया असा त्यांचा प्रवास झाला. त्यातून १९४८ मध्ये 'अ रशियन जर्नल' हे पुस्तक तयार झाले. अमेरिकन वृत्तपत्रांत स्टालिनच्या मनात काय आहे याविषयी रोज लिहिले जाते. रशियन माणसे काय जेवतात, कपडे कोणते घालतात, कशाला हसतात हे मात्र कोणी सांगत नाही, अशी या प्रवासामागील धारणा होती. क्रेमलिनचे राजकारण बाजूला ठेवून दिसेल तेवढेच लिहावयाचे, असे त्यांनी ठरवले.

या प्रवासात 'रशियन प्रश्न' या नाटकाविषयी त्यांच्याकडे वारंवार विचारणा होत असे. त्यावर स्टाइनबेकने एक कथानक रचून सांगितले. त्याचा आशय असा, की सिमोनोव्ह नावाच्या लेखकाला 'प्रावदा' अमेरिकेला पाठवते. तो देश अधःपतित आहे असे त्याने लिहावे, ही अपेक्षा असते. तेथे गेल्यावर त्याला तसे आढळत नाही. परत येऊन तो आपले खरे मत लिहितो. मग लेखकसंघातून त्याची हकालपट्टी होते, गावाकडचे घर जाते, पत्नी सोडून जाते आणि नाटकातल्या अमेरिकन नायकाला जसे भोगावे लागले तसेच सर्व त्याच्याही वाट्याला येते.

हे कथानक विनोदाच्या अंगाने सांगितलेले असले, तरी त्यामागे एक गंभीर समीक्षादृष्टी आहे. स्टाइनबेक नाटकातील एकाही तपशिलाचे खंडन करीत नाही. अमेरिकेत असे घडतच नाही, असा बचाव तो करीत नाही. तो केवळ पात्रांची नावे आणि देश यांची अदलाबदल करतो, बाकी कथानक जसेच्या तसे ठेवतो आणि हे नाटक तुमच्याकडे होऊ शकेल काय, एवढेच विचारतो. प्रतिस्पर्ध्याविषयीच्या कोणत्याही संहितेला लावता येईल अशी ही कसोटी आहे. वाक्यातील कर्ता बदलला असता लेखक आणि त्याचा वाचक तेच वाक्य स्वीकारतील काय? एका देशाच्या सैन्यहालचालीला 'संरक्षण' आणि दुसऱ्याच्या हालचालीला 'आक्रमण' म्हटले जात असेल, एका देशातील माहितीखाते 'प्रचारयंत्रणा' आणि दुसऱ्यातील 'सांस्कृतिक सेवा' ठरत असेल, तर या अदलाबदलीत ते तत्काळ उघडे पडते.

४

सिमोनोव्हचा आरोप सोव्हिएत रंगभूमीवरून आला म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि तो तपासण्यासाठी अमेरिकन पुरावाच उपलब्ध आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकाच्या पुरवणीत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९१७ ते १९२० या तीन वर्षांत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रशियाविषयी दिलेल्या बातम्या त्यांनी तपासल्या होत्या. मोजमापासाठी त्यांनी कोणाचीही मते घेतली नाहीत. ज्यांविषयी वाद उरला नव्हता अशा मोजक्या घटना घेतल्या. बोल्शेविक सत्ता टिकली, ही त्यांपैकी एक. आणि तिच्याविषयीचा निष्कर्ष असा निघाला, की नोव्हेंबर १९१७ पासूनच्या दोन वर्षांत ही सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या वृत्तपत्राने ९१ वेळा सूचित केले होते. कधी लेनिन पळून जाण्याच्या तयारीत होता, कधी तो तुरुंगात होता, एकदा तर तो ठार झाला होता.

या अभ्यासाचे मोल केवळ आकड्यात नाही. एखाद्या कटाकडे किंवा मालकाच्या आदेशाकडे लेखकद्वयाने बोट दाखवले नाही. वार्ताहर आणि संपादक यांच्या मनातील आशा आणि भीती हेच सर्वांत प्रभावी नियंत्रक होते, असे त्यांना आढळले. सिमोनोव्हच्या नाटकात मालक आहे, पैसा आहे, दडपण आहे. मात्र जो पत्रकार मनापासून तेच मानतो, ज्याला विकत घेण्याची गरजच पडत नाही, त्याला तेथे जागा नाही. वास्तवात मोठी संख्या याच पत्रकारांची असते. पुढे १९३८ मध्ये मर्झ त्याच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीय पानाचा प्रमुख झाला, ही घटनाही लक्षात घेण्यासारखी आहे. टीका केल्याबद्दल हॅरी स्मिथ उद्ध्वस्त होतो. मर्झ झाला नाही.

पक्षपात नेहमी शत्रुत्वाच्या दिशेनेच जातो, असेही नाही. याच वृत्तपत्राचा मॉस्कोतील वार्ताहर वॉल्टर ड्युरांटी याला १९३२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९३३ च्या मार्चमध्ये गॅरेथ जोन्स हा तरुण वेल्श पत्रकार युक्रेनमधील खेडी पायी फिरून आला आणि बर्लिनमध्ये त्याने दुष्काळाची वार्ता जाहीर केली. त्याच महिन्यात माल्कम मगरिज याची निनावी वार्तापत्रे 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये आली. जोन्सच्या निवेदनानंतर दोनच दिवसांनी ड्युरांटीने त्याचे खंडन केले. त्या खंडनाची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. लोक भुकेले आहेत, पण उपासमार नाही. मृत्यूचे प्रमाण मोठे आहे, पण ते कुपोषणातून उद्‌भवलेल्या रोगांमुळे, असा त्याचा रोख होता. यातील एकेक विधान वेगळे काढले तर पूर्ण असत्य म्हणून ते फेटाळणे अवघड जाते. असत्य आहे ते शब्दांच्या वाटणीत. एका घटनेची 'भूक', 'कुपोषण' आणि 'रोग' अशी तीन नावे केली, की 'दुष्काळ' हे चौथे नाव घेण्याची पाळी येत नाही. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. २००३ मध्ये पुलित्झर मंडळाने या पारितोषिकाचा फेरविचार केला आणि ते मागे न घेण्याचे ठरवले.

चित्रपटांतील बदल तर अधिक वेगाने झाले. युद्धात सोव्हिएत संघ मित्रराष्ट्र होता, तेव्हा १९४३ मध्ये 'मिशन टू मॉस्को' या चित्रपटात स्टालिनच्या काळातील मॉस्को खटल्यांचेही समर्थन झाले. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे याच प्रकारच्या चित्रपटांची चौकशी सुरू झाली. 'साँग ऑफ रशिया' या चित्रपटाविषयी साक्ष देताना कादंबरीकार आयन रँड हिने, त्यात रशियन माणसे हसताना दाखवली आहेत, यावरही आक्षेप घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरील हसू हा पुराव्याचा विषय व्हावा, यातच त्या काळाचे दर्शन घडते. पुढे १९४८ मध्ये 'द आयर्न कर्टन' आला. पाच वर्षांपूर्वीचा सद्‌गुणी मित्र आता हेर झाला होता. रशिया तोच होता, स्टालिनही तोच. बदलले होते ते पाहणाऱ्याचे प्रयोजन.

५

या पार्श्वभूमीवर स्टाइनबेकच्या प्रवासवर्णनाचे यश लक्षात येते. स्टालिनग्राडच्या भग्नावशेषांत, जमिनीखालच्या बिळात राहणारी, युद्धाने मनाचा तोल गेलेली एक मुलगी त्याने पाहिली आणि तिचे वर्णन केले. ते वर्णन रशियाच्या बाजूचे नाही आणि विरुद्धही नाही. मात्र ते वाचल्यानंतर रशियन जनता युद्धाला आतुर आहे, असे म्हणणे वाचकाला जड जाते. सिमोनोव्हचा हॅरी स्मिथ ज्या निष्कर्षासाठी सर्वस्व गमावतो, त्याच्याच जवळपास स्टाइनबेक येतो, आणि त्याचे पुस्तक अमेरिकेत उघडपणे प्रसिद्ध होते.

मात्र 'दिसेल तेवढेच लिहावे' या भूमिकेच्या मर्यादाही याच पुस्तकात दिसतात. परदेशी पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी अधिकृत संस्था त्यांच्या सोबतीला होती; कापाच्या छायाचित्रांची तपासणी झाली आणि काही अडवून ठेवण्यात आली. युक्रेनमधील सामुदायिक शेतांवर त्यांचे भरघोस आदरातिथ्य झाले. भरलेल्या पानांची, गाण्याबजावण्याची ती वर्णने मोहक आहेत. पण १९४६-४७ मध्ये युक्रेन आणि मोल्दाव्हियाने दुष्काळ सोसला होता. त्या आपत्तीचे खरे स्वरूप या पानांत उमटत नाही. यजमानांनी घरात होते नव्हते ते पाहुण्यांपुढे ठेवले असेल, आणि त्या अगत्यात खोटेपणा नसेलही. तरीही जे दाखवले गेले तेवढेच दिसले. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचीही निवड कोणीतरी आधी केलेली असते. जोन्स ठरलेल्या ठिकाणाआधीच आगगाडीतून उतरून पायी चालत गेला, म्हणून त्याला दुसरे युक्रेन दिसले. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने लेखकाच्या शैलीइतकेच त्याच्या मार्गाकडेही पाहावयास हवे, ते यासाठी.

६

अदलाबदलीची कसोटी जितकी उपयुक्त, तितकाच तिचा गैरवापरही सोपा आहे. नावे बदलून दोन्ही कथानके सारखीच दिसू लागली, की दोन्ही व्यवस्थाही सारख्याच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. लिपमन आणि मर्झ यांनी आपल्याच देशातील अग्रगण्य वृत्तपत्राचा पक्षपात आपल्याच देशात छापला. बोरिस पास्तरनाकची 'डॉक्टर झिवागो' ही कादंबरी १९५७ मध्ये प्रथम इटलीत प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर होताच लेखकसंघातून त्याची हकालपट्टी झाली आणि पारितोषिक नाकारणे त्याला भाग पडले. ती कादंबरी त्याच्या देशात छापली जाण्यास १९८८ साल उजाडले. स्टाइनबेकने गमतीने रचलेल्या कथानकातील एक प्रसंग अकरा वर्षांनी एका खऱ्या लेखकाच्या बाबतीत घडला.

याच कादंबरीने प्रश्नाची दुसरी बाजूही पुढे आणली. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून असे स्पष्ट झाले, की अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने या कादंबरीची रशियन आवृत्ती छापवून घेतली होती आणि १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात ती सोव्हिएत पाहुण्यांच्या हाती पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. म्हणजे एका अस्सल कलाकृतीचा उपयोग प्रचाराचे साधन म्हणून झाला. यामुळे कादंबरीचे मूल्य उणावत नाही, आणि तिच्या मूल्यामुळे त्या वापराचे स्वरूपही बदलत नाही. संहितेतील सत्य आणि संहितेचा वापर या दोन स्वतंत्र चौकशीच्या बाबी आहेत. 'रशियन प्रश्न' आणि 'डॉक्टर झिवागो' यांच्या वाङ्मयीन गुणवत्तेत मोठे अंतर आहे. तथापि दोन्ही कलाकृती शत्रूविरुद्धचे साधन म्हणून हाताळल्या गेल्या, याचा विचार एकाच चौकटीत करता येतो.

७

भारतीय वाचक या दोन आरशांच्या मध्ये उभा होता. अलिप्ततेचे धोरण स्वीकारलेल्या या देशाला जिंकण्यासाठी दोन्ही बाजूंनी छापील मजकुराचा वर्षाव केला. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची अल्प किमतीची, सुबक छपाईची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांतून येत राहिली. त्यांतून कित्येक मराठी घरांत रशियन कथा-कादंबऱ्या प्रथम पोहोचल्या. दुसरीकडे १९५१ च्या मार्चमध्ये सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या जागतिक परिषदेची भारतीय सभा मुंबईत भरली. त्या चळवळीच्या भारतीय समितीने १९५५ मध्ये 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक होते. या जागतिक संघटनेला अमेरिकन गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. 'क्वेस्ट'मधील अनेक लेख त्यानंतरही वाचनीयच राहिले. त्याचप्रमाणे सोव्हिएत अनुदानाने स्वस्त झालेला चेखव्हही चेखव्हच राहिला.

अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण या संदर्भात वेगळे आहे. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा ते शहर त्यांनी पाहिलेले नव्हते. पुढे १९६१ मध्ये ते सोव्हिएत संघात गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. सोव्हिएत व्यवस्थेतील दमनाचा शोध त्यात घेतला गेलेला नाही, असे कोणी म्हणेल. पण हे पुस्तक केवळ प्रचार म्हणून बाजूला सारणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात घ्यावे, की जातीने आणि दारिद्र्याने ज्याला आपल्याच देशात उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या लेखकाच्या नजरेत दूरच्या समतेचे चित्र स्वदेशाच्या टीकेचे काम करीत होते. त्या चित्राचा खरा विषय रशियाइतकाच महाराष्ट्रही होता. प्रतिस्पर्धी देशाचे चित्र भयातून घडते तसे आशेतूनही घडते, आणि दोन्ही वेळा ते रेखाटणाऱ्याच्या भूमीविषयीच अधिक सांगते.

महासत्तांची नावे बदलत राहतात. सोव्हिएत संघ नकाशावरून गेला, तरी प्रतिस्पर्ध्याच्या पतनाची वार्ता पुन्हापुन्हा देण्याची हौस, त्याच्या नागरिकांना एकाच मुद्रेत गोठवण्याची सवय आणि त्याच्याकडील दडपशाही दाखवताना स्वतःकडील मौन विसरण्याची सोय, यांपैकी काहीच त्याच्याबरोबर गेले नाही. साहित्याच्या अभ्यासकाला या बाबतीत राजनीतिज्ञाचे काम करावयाचे नाही. कर्ता बदलून वाक्य वाचणे, एका घटनेला किती नावे दिली आहेत ते मोजणे, लेखक कोणत्या मार्गाने गेला आणि त्याच्या सोबतीला कोण होते ते पाहणे, हे मजकूर किती खरा आणि त्याचा उपयोग कोणी केला यांची चौकशी वेगवेगळी करणे, ही कामे मात्र त्याच्या कक्षेत येतात. १९३३ च्या वसंतात युक्रेनमधील खेड्यांत जे मरत होते, त्यांच्या दृष्टीने 'भूक' आणि 'दुष्काळ' या दोन शब्दांमधील निवड ही शैलीची बाब नव्हती. त्या निवडीवर जगाने मदत करावी की मान फिरवावी, हे अवलंबून होते. आणि जगाने मान फिरवली.